डावा कान निळा

मी कान बनवते. दचकू नका, खरे कान आईच्या पोटातूनच तयार होऊन येतात. पण काही मुलांना त्या कानांनी कमी ऐकू येतं. त्यांच्या कानामागे यंत्र बसवतात, यंत्रातून एक बारीक नळी निघते आणि नळीच्या टोकाला मऊ रबराचा तुकडा असतो, तो कानात बसतो. त्या तुकड्याला आम्ही साचा म्हणतो आणि तो मी बनवते. साचा ज्याचा त्यालाच लागतो. जरा सैल झाला की यंत्र शिट्टी मारतं, जरा घट्ट झाला की पोर भोकाड पसरतं. शिट्टी आणि भोकाड यांच्या मधली जागा शोधता शोधता माझे केस पांढरे झाले. दवाखान्यातली मुलं मला कानमावशी म्हणतात. मोठी माणसं माझ्या पाठीमागे काय म्हणतात ते मी विचारायला जात नाही, कारण माझ्या जिभेला हाड नाही हे मला ठाऊक आहे.

आधी रंगांचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमच्या धंद्यात उजवा कान लाल आणि डावा निळा. हे कोणी ठरवलं देव जाणे, पण सगळे पाळतात. मोठ्या माणसांच्या यंत्रावर नुसता बारीक ठिपका असतो, ती आपली बघून घालतात. लहान मुलांचं तसं नाही, त्यांना सकाळी आईबाप घालणार. एक डोळा घड्याळावर, एक हात डब्यात आणि पोर घरभर पळतंय, अशा वेळी भल्याभल्यांना उजवं-डावं सुचत नाही. एका बापाने तर लेकाचे साचे उलटसुलट घातले आणि वर माझ्याशीच भांडण काढलं, की तुमचे साचे बसत नाहीत. तेव्हापासून मी कानाला खडा लावला. छोट्या मुलांचे अख्खे साचेच रंग मिसळून ओतायचे, उजवा लालभडक, डावा निळाशार. खोलीच्या त्या टोकावरूनही चुकायला नको.

भिंगरी माझ्याकडे आली तेव्हा तिला धड बसताही येत नव्हतं. तिचं नाव वेगळं आहे. पण पाय फुटल्यापासून ती एका जागी थांबली नाही, म्हणून मी तिला भिंगरी म्हणायला लागले आणि मग तिच्या घरचेही म्हणायला लागले. आई पावाच्या कारखान्यात पहाटेच्या पाळीला जाते. बाबा लिफ्ट दुरुस्त करतो. सकाळी पोरीला उठवायचं, आंघोळ, डबा, कान, बालवाडी, सगळं त्याच्याकडे. माणूस गरीब स्वभावाचा. आमच्या दवाखान्याची लिफ्ट बंद पडली की तो आपण होऊन दोन मिनिटं डोकं खुपसून बघून जायचा, कोणी सांगायला लागायचं नाही.

भिंगरीच्या उजव्या कानात फारसा जीव नव्हता. यंत्र लावूनही दार आपटलं, भांडं पडलं, एवढंच कळायचं. डावा मात्र चांगला. यंत्र लावलं की त्यातून बोलणं कळायचं. म्हणजे तिला जे काही शब्द आले ते सगळे त्या एका डाव्या कानातून आले. दोन वर्षांची असताना मी नवे साचे दाखवले की ती निळा आधी उचलायची, गालाला लावायची, आरशासमोर मान वाकडी करकरून बघायची. लालही आवडायचा. तिला काय, सगळंच आवडायचं. त्या वयाची सगळीच मुलं तशी. माझ्या टेबलावर रंगांच्या नमुन्यांची थाळी असते. दोन वर्षांचा मुलगा आला की त्यातला गुलाबी उचलून सरळ तोंडात घालतो. तोच मुलगा साडेचार-पाचचा होऊन आला की त्याच गुलाबीला बोट लागल्यावर पाल बघितल्यासारखा हात मागे घेतो. मी हसायचे. पोरं आहेत, चालायचंच, म्हणायचे.

बालवाडीत जायला लागून भिंगरीला काही महिने झाले असतील. एक दिवस तिचा बाबा तिला घेऊन आला आणि म्हणाला, "मावशी, डावा दुखतोय हिला. घालू देत नाही. घातला की काढून टाकते."

मी कान बघितला. आतून बाहेरून बघितला. साचा टोचत असेल तर कातडी लाल होते, कधी वळही उठतो. तसलं काही नव्हतं. पण मुलगी हात लावू देईना, मान खांद्यात घालून बसली. म्हटलं, आत कुठेतरी लागत असेल. घासायच्या चाकावर साचा जरा कमी केला, गुळगुळीत केला, पाठवून दिलं.

आठवड्याने परत हजर. पुन्हा घासला. मग काय, घासून घासून तो इतका सैल झाला की यंत्र शिट्ट्या मारायला लागलं. मीच केलेली करणी आणि मीच वैतागले. नव्याने माप घेतलं. कानात दोरा बांधलेला कापसाचा बोळा, मग पिचकारीने मऊ लगदा भरायचा आणि तो घट्ट होईपर्यंत पोराला गप्प बसवायचं. भिंगरी माप देताना मुळीच रडली नाही. उलट तो लगदा कानात थंडगार लागतो म्हणून खिदळत होती. आता सांगा, कान दुखणारं मूल कानात पिचकारी घालू देईल? पण माझ्या टाळक्यात तेव्हा प्रकाश पडला नाही. मी नवा साचा ओतला. निळाशार. आणि तो हातात घेताच तिचा चेहरा पडला.

मग तिला काचेच्या खोलीत बसवलं. तिथे आमच्या मॅडम मुलांचं ऐकणं तपासतात. आवाज आला की एक ठोकळा डब्यात टाकायचा, असा खेळ असतो. भिंगरी या खेळात पटाईत होती, आवाज संपायच्या आत ठोकळा डब्यात. त्या दिवशी डावा साचा घातल्यावर ती ठोकळा छातीशी धरून दगडासारखी बसून राहिली. मॅडमनी आवाज वाढवला, आणखी वाढवला. काही नाही. शेवटी तिने साचाच उपटून काढला.

मॅडम बाहेर आल्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण कामात पक्क्या, आणि खोटा धीर द्यायची त्यांना सवय नाही. त्या भिंगरीच्या बाबाला म्हणाल्या, "दोनच गोष्टी असू शकतात. एक तर डावा कान आणखी उतरलाय. ते बघायला तिला औषध देऊन, झोपवून तपासावं लागेल. किंवा कान आहे तसाच आहे आणि ती घालत नाहीये. पण घालत नसेल तरी नुकसान तेच. हे शब्द शिकायचं वय आहे. आता जे आत जाणार नाही, ते पुढे भरून काढणं फार अवघड जातं."

तो नुसता मान हलवत होता. मॅडम दुसऱ्या मुलाकडे गेल्या तसा तो माझ्या खोलीत आला आणि स्टुलावर बसला. भिंगरी खाली बसून रिकाम्या पिचकाऱ्या रांगेत लावत होती.

"बालवाडीच्या बाई म्हणाल्या, पुढच्या वर्गात घालायचं की नाही ते बघावं लागेल," तो म्हणाला. "बोलणं मागे चाललंय तिचं. आधी 'पाणी दे' म्हणायची. आता नुसता हात करते. परवा मला हाक नाही मारली मावशी, शर्ट ओढला."

मी म्हटलं, "अहो, धीर धरा."

"कसला धीर? रोज सकाळी मी तिला दोन गुडघ्यांत धरतो, एका हाताने डोकं दाबतो आणि तो साचा घालतो. ती रडते. मी तिला दुखवतोय हे मला दिसतंय, तरी घालतो. आणि बालवाडीच्या फाटकापर्यंत जाऊन बघावं तर काढून खिशात घातलेला असतो. हल्ली मी साचा घालायच्या आधी हात धुवून टॉवेल घेतला तरी ती पलंगाखाली जाऊन लपते. माझी पोर मला घाबरते, मावशी."  

मला राग आला. कोणावर ते कळेना, म्हणून मी टेबल आवरायला घेतलं, धडाधड. माझ्या खोलीत कापडाचा एक मोठा ससा आहे, लांब कानांचा. घाबरट मुलं आली की आधी सशाचे कान भरायचे, मग त्यांचे, अशी माझी जुनी युक्ती. म्हटलं, हिला बोलून सांगता येत नाही कुठे दुखतंय ते, तर सशावर दाखवू दे. दोन जुने टाकाऊ साचे घेतले, एक लाल, एक निळा. सशाच्या कानात खोचले आणि ससा तिच्या मांडीवर ठेवला. तिच्या तोंडासमोर बसले, ओठ दिसतील असं, आणि मोठ्याने विचारलं, "भिंगरे, सशाला कुठे दुखतंय?"

भिंगरीने सशाकडे बघितलं. लाल साचा बोटाने जरा आत ढकलला, नीट बसवला. निळा काढला आणि माझ्या हातात दिला.

"दुखतोय त्याला?"

मान हलली. नाही.

"मग का काढला?"

"ससा मुलगी," ती म्हणाली.

मी म्हटलं, "असेल बाई. मग?"

"निळा मुलांचा."

 तिचा बाबा स्टुलावरून उठून खाली आमच्याजवळ येऊन बसला. मी पुन्हा विचारलं, हळूहळू, एकेक शब्द दाखवत, "मुलीने निळा घातला तर काय होतं?"

"मुलगा होते."

"कोण? तू?"

तिने हाताचा पंजा उभा धरून कपाळापासून हनुवटीपर्यंत मधोमध ठेवला, आपण भाजी चिरायला सुरी धरतो तसा. मग डाव्या गालावर थापट मारली. "इकडून मुलगा. अर्धी." आणि थोडं थांबून म्हणाली, "अर्धी तिकडे बसते."

त्या एका वाक्याचा अर्थ तिच्याकडून नीट काढून घ्यायला आम्हाला बराच वेळ लागला. बालवाडीत मुलींच्या पिशव्यांना गुलाबी खुंट्या आणि मुलांच्या पिशव्यांना निळ्या. सतरंज्याही तशाच, या बाजूला गुलाबी, त्या बाजूला निळी. कुठल्यातरी कार्ट्याने तिच्या कानात बघून जाहीर केलं होतं, की हिचा हा कान मुलगा आहे, ही अर्धी आमच्याकडे. भिंगरीला बालवाडीत एकच मैत्रीण होती. ती बसायची गुलाबी सतरंजीवर, भिंगरीला खेटून. दोन वेण्या घालते, असं भिंगरीने स्वतःचे केस दोन्हीकडून ओढून दाखवलं, म्हणून मी तिचं नावच दोन वेण्या ठेवलं. उठून पलीकडे जावं लागलं असतं तर दोन वेण्याची सोबत सुटली असती. म्हणून भिंगरी रोज फाटकापाशी निळा कान काढून खिशात घालायची आणि अख्खी मुलगी होऊन आत जायची.

बाबा आधी हसला. खरंच हसला, खो खो करून. आणि हसता हसता त्याने तोंडावर हात धरला आणि रडायला लागला. "म्हणजे दुखत नव्हतं," तो म्हणाला. "मावशी, म्हणजे मी दुखवत नव्हतो तिला." भिंगरी त्याच्याकडे बघत राहिली आणि मग सशाचा कान घेऊन त्याचे डोळे पुसायला लागली. माझंही नाक वाहायला लागलं, पण टेबल आवरताना माझ्या हाताला लगदा लागला होता, मला पुसताही येईना.

मॅडमना बोलावून सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला. "आपण तिघं मिळून इतके दिवस कानात बघतोय," त्या म्हणाल्या. मग त्यांनी समजावलं, की या वयात मुलांना नुकतंच कळलेलं असतं, आपण मुलगी किंवा आपण मुलगा. पण ते कायमचं असतं हे अजून कळलेलं नसतं. त्यांना वाटतं केस कापले, शर्ट बदलला की आपणही बदलू. म्हणून ती खुणा धरून ठेवतात, घट्ट. आधी रंग म्हणजे नुसता रंग असतो. मग कोणीतरी सांगतं, हा तुमचा, तो त्यांचा, आणि त्यांना ते दगडावरची रेघ वाटतं. "आणखी दोन-तीन वर्षांनी हिला हे आठवलं तर हीच हसेल."

"तोपर्यंत शब्द थांबणार आहेत का?" मी म्हटलं.

"नाही ना. म्हणून तर म्हणते, दोन्ही साचे गुलाबी करा."

इथे माझं डोकं फिरलं. म्हटलं, अजिबात नाही करणार. इतकी वर्षं मी रंग वापरला तो उजव्या-डाव्यासाठी. कोण कुठला तो टिनपाट पोरगा, तो म्हणणार हा कान मुलगा आणि मी निमूटपणे गुलाबी ओतणार? आज कान गुलाबी, उद्या चष्मा गुलाबी, परवा आणखी काही. तिला सांगायचं, की बाई गं, रंगाने कोणी मुलगा होत नाही. एकदा सांगायचं, दहादा सांगायचं. मी बोलत सुटले आणि मॅडम ऐकत राहिल्या. मॅडमनाही माझं पटत होतं, ते मला त्यांच्या तोंडावरून दिसत होतं.

भिंगरीचा बाबा मध्येच म्हणाला, "मावशी, सांगू की. मी रोज सांगीन. पण कशातून सांगू? ऐकायला तो कान तर घातला पाहिजे."

सशाचा निळा साचा अजून माझ्या हातात होता, तो मी टेबलावर ठेवला.

तो आणखी म्हणाला, "मला गुलाबीचं काही नाही आणि निळ्याचंही काही नाही. मला माझ्या पोरीशी बोलायचंय."

 मी थाळी काढून भिंगरीपुढे ठेवली. म्हटलं, निवड तूच. तिने एकेका नमुन्यावर बोट ठेवलं, हिरव्यापाशी जरा रेंगाळली आणि मग गुलाबी उचलला. दुसऱ्या कानासाठीही गुलाबीच. मी ओतले. उजवं-डावं कळावं म्हणून आतल्या बाजूला, नळीजवळ, टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके ठेवले, एक लाल आणि एक निळा. घातल्यावर ते कोणाला दिसत नाहीत. बाबाला भिंगाखाली धरून दाखवले. तो म्हणाला, "लिफ्टच्या तारा याहून बारीक असतात, मावशी. चुकणार नाही."

साचे तयार झाल्यावर ती संध्याकाळी आली. डावा घालताना तिने स्वतःच मान वाकडी करून दिली. यंत्र सुरू केलं तशी दचकली, डोळे मोठे झाले. मी मुद्दाम कागद चुरगाळला, ती वळली. नळ सोडला, वळली. मग तिचा बाबा दाराजवळून, साध्या आवाजात, जसं घरात बोलतो तसं म्हणाला, "भिंगरे, घरी जायचं ना?" आणि ती म्हणाली, "बाबा, थांब." तो थांबला. तिला चपला घालायच्या होत्या. काचेच्या खोलीत बसवलं तेव्हा ठोकळे पुन्हा धडाधड डब्यात पडले. कान उतरला नव्हता. झोपवून तपासायची गरज उरली नाही. 

नवा साचा दिला की वर्गातल्या गोंगाटात मुलाला कसं ऐकू येतं ते बघायला आमच्यातलं कोणीतरी जातं. या वेळी मीच जाते म्हटलं. मला त्या बालवाडीच्या बाईंचे कान उपटायचे होते. जाताना वाटेत सगळं भाषण तयार केलं. अहो बाई, खुंट्यांना रंग देताना जरा डोकं वापरलं असतं तर, असं सुरू करणार होते.

बाई निघाली अगदी कोवळी. सर्दीने नाक लाल झालेलं, कडेवर एक मूल, पायाला एक चिकटलेलं. मी भिंगरीचं सगळं सांगितलं. ती ऐकता ऐकता कडेवरच्या मुलाला खाली ठेवायची विसरली.

"मला वाटलं ती रुळली," ती म्हणाली. "आधी सारखी उठायची, पळायची, ओरडायची. मग शांत बसायला लागली. मी तिच्या बाबांना सांगितलं की शिकण्यात मागे पडतेय, पण वागणूक किती छान झालीय." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आणि खुंट्यांचं म्हणाल तर यांना वाचता येत नाही हो. नावं लिहून उपयोग नाही. सकाळी सगळे एकदम येतात. कोणाची पिशवी कुठे, यात रडारड व्हायची. रंगांनी पटकन कळतं."

 पटकन कळतं म्हणूनच तर मीही निळा ओतत होते. मी फक्त म्हटलं, "खुंट्यांना चित्रं लावून बघा ना, मासा, छत्री, असलं काही."

"एकदा मी खुंट्या बदलल्या होत्या," ती म्हणाली. "एका मुलाला गुलाबी खुंटी आली, तो सुट्टी होईपर्यंत पिशवी पोटाशी धरून उभा राहिला. पण चित्रं लावून बघते. आजच लावते." आणि ती खरंच कपाटातून रंगीत कागद काढायला लागली, पायाला चिकटलेल्या मुलासकट.

मी मागे जाऊन एका बुटक्या खुर्चीत कशीबशी बसले. भिंगरी गुलाबी सतरंजीवर होती, दोन्ही कान घातलेली, ताठ बसलेली. वर्गात ही आरडाओरड. तिच्या डावीकडे ती दोन वेण्या बसली होती, समोरचा दात पडलेली, गुडघ्याला खरचटलेलं. मी दोघींच्या अगदी पाठीमागे होते, हात लांब केला असता तर वेणी हातात आली असती.

बाईंनी गोष्ट सुरू करायच्या आत दोन वेण्या भिंगरीकडे सरकली. सरकायची तिची रोजची सवय असणार, कारण भिंगरीने न बघताच तिला जागा दिली. तिने भिंगरीच्या डाव्या कानाजवळ तोंड नेलं आणि काहीतरी म्हणाली. भिंगरी सवयीने हसली. आणि हसता हसता थांबली. गर्रकन मान वळवून तिच्याकडे बघायला लागली.

"काय?" भिंगरी म्हणाली.

"तुझा निळा कान कुठे गेला?" दोन वेण्या म्हणाली. "मी रोज विचारते. तू नुसती हसतेस."

भिंगरीने कान आणखी जवळ नेला.

"मला आवडायचा तो," दोन वेण्या म्हणाली. "तो काढू नको ना. मी रोज सांगते तुला."

 मी पदर तोंडाला लावला आणि त्या बुटक्या खुर्चीत वाकून बसले. इतके दिवस रोज, त्याच कानाशी येऊन, ती पोर हेच सांगत होती.

भिंगरीने हात वर नेला, डाव्या कानातल्या गुलाबी साच्याला बोट लावलं आणि तसंच ठेवलं.

"मला ऐकूच नाही आलं," ती म्हणाली.

"आता आलं?"

"आता आलं."